लॉन चेनीचा डीव्हीडी संच: पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता लिहितोय

लॉन चेनी या मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन नटाच्या सिनेमांचा हा संच. त्यातली तिसरी डिस्क अडकली म्हणून लिहायला बसलो. 'द अननोन' (१९२७) मध्ये चेनीचा अलोन्झो दोन्ही हात कापून घेऊन परत येतो आणि जिच्यासाठी कापले, तिला आता पुरुषांच्या हातांची भीतीच उरलेली नाही हे त्याला कळतं. चेनीचं हसू रडण्याकडे झुकायला लागतं आणि चित्र गोठतं. नेमकं तिथंच! विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: डिस्क चांगली आहे, तुमचा प्लेअर जुना. बाकीच्या डिस्क त्याच प्लेअरवर विनातक्रार चालतात, पण ऐकतो कोण.

कुबडा, फँटम वगैरे चेनीच्या भूमिका सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या सोडतो. माझा खरा राग खोक्यावर. सिनेमांच्या यादीत 'लंडन आफ्टर मिडनाइट' छापलंय. लावलं तर पाऊण तास नुसती स्थिरचित्रं! शेवटची प्रत १९६५ साली एमजीएम या चित्रपट कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली, मान्य. मग 'फोटोंवरून जुळवलेलं' असं ठळक छापायला काय झालं? पैसे मोजतो आम्ही.

गंमत म्हणजे, घरात सगळ्यात जास्त वेळा लागतं तेच. चित्र हलत नाही, त्यामुळे मेकअप निवांत निरखता येतो: टोकदार दातांची रांग, उंच टोपी, बटबटीत डोळे. हे सगळं चेनी स्वतःच करायचा. १९२९ च्या ब्रिटानिका विश्वकोशात मेकअपवरचा लेखही त्याचाच.

पण आता माझं मत 'द अननोन'कडे झुकलंय. तिथं चेहऱ्यावर फारसं काही थापलेलं नाही आणि हात तर, कापून घेण्याआधी, नसल्याचं सोंग म्हणून अंगाला बांधलेले. आई-वडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे घरात खुणांनी बोलत वाढलेला हा माणूस. त्याचे हातच काढून घेतले तरी नुसत्या जबड्यावर नि डोळ्यांवर प्रसंग खेचतो. एकदा हात मोकळे असूनही सवयीनं पायानंच सिगारेट ओढत बसतो. पाय त्याचे नव्हेत, पॉल डेसम्यूक नावाच्या हात नसलेल्या कलाकाराचे. चेनीचं अंग कुठं संपतं नि ते पाय कुठं सुरू होतात, तो सांधा मला अजून सापडलेला नाही.

त्याचा एकमेव बोलपट, १९३० चा 'द अनहोली थ्री', संचात नाही. त्यात पाच आवाज काढलेत म्हणे. तो लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, २६ ऑगस्टला, ४७ व्या वर्षी चेनी गेला. म्हणजे तो वेगळा घेणं आलं. घेईन, पण सेल लागल्यावर, आणि या विक्रेत्याकडून तर नाहीच.