जुन्या डेस्कटॉपसाठी मल्टीमीटर: आठ महिने वापरल्यानंतर

माझा अकरा वर्षांचा डेस्कटॉप व्हिडिओ एडिट करताना अचानक बंद पडायला लागला, म्हणून हा साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) घेतला. त्याआधी दोन आठवडे मी रॅमच्या मागे लागले होते. रॅम तपासणारं मेमटेस्ट86+ रात्रभर चालवलं, चार फेऱ्यांत एकही एरर नाही. हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्टही (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) स्वच्छ. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मात्र दर वेळी कर्नल-पॉवर 41. या नोंदीतून इतकंच कळतं की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कशामुळे, ते तिच्यात नसतं.

मग एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणारा डबा) एका मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (चार पिनांचा जुना प्लग) मीटरचे प्रोब घातले, काळा प्रोब काळ्या वायरवर, लाल प्रोब 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरवर. मशीन नुसतं चालू असताना 11.83 व्होल्ट. हायसं वाटलं. रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम) सुरू केला आणि आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला: 11.61, 11.42, 11.24, आणि स्क्रीन काळी. 12 व्होल्टच्या लाइनला 5 टक्के वर-खाली चालतं, म्हणजे 11.40 च्या खाली गेलं की एसएमपीएसवर बोट ठेवायला हरकत नाही. एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर एकमेकींना जोडून त्याचा पंखा फिरला की एसएमपीएस ठीक, असं खूपजण धरून चालतात. माझाही पंखा छान फिरत होता! मोजायचं ते लोडवरच, म्हणजे मशीन जोरात काम करत असताना.

एसएमपीएस बदलून सात महिने झाले. लोडवर 12.02 मिळतात, 41 ची नोंद पुन्हा आलेली नाही. मध्ये घड्याळ मागे पडायला लागलं, तेव्हा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मोजला. 3 ऐवजी 2.4 व्होल्ट. पाच मिनिटांत निकाल.

मीटरच्या वायरी ताठ आहेत आणि लांब रेंडरच्या मध्येच तो आपोआप बंद होतो, याचा मला खरंच त्रास होतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: लाल प्रोब मीटरच्या करंट मोजायच्या 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिला असेल आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर थेट शॉर्ट होतो. मी दर वेळी आधी सॉकेट बघते, मग डायल. जुना एसएमपीएस मी उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

रिपल, म्हणजे व्होल्टेजमधले वेगवान बारीक चढउतार, मात्र या मीटरवर कळत नाही. व्होल्टेज बरोबर दिसूनही मशीन अडखळत असेल, तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लागतो किंवा दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघावा लागतो.