रेमिंग्टन 700चा ट्रिगर : मूळचाच ठेवायचा, टिम्नी घ्यायचा की ट्रिगरटेक?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी जुनी रेमिंग्टन 700 रायफल घेतली की ट्रिगरचा प्रश्न हमखास पुढे येतो : मूळचाच ठेवायचा की टिम्नी किंवा ट्रिगरटेक या कंपन्यांचा घ्यायचा? उत्तर ठरवण्याआधी आत कोणता ट्रिगर आहे ते बघा.

1962पासून बरीच वर्षं या रायफलला वॉकर ट्रिगर यायचा. त्यात ट्रिगर आणि सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा) यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक सुटी पट्टी असते. ट्रिगर सोडल्यावर ती जागेवर परत यायला हवी. मध्ये कचरा किंवा घट्ट झालेलं तेल आलं, तर ती परत येईलच असं नाही. मग सिअरला पुरेसा आधार मिळत नाही आणि सेफ्टी काढताना किंवा बोल्ट (गोळी आत ढकलून चेंबर बंद करणारा दांडा) बंद करताना गोळी सुटण्याचा धोका राहतो. वॉकर असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : बदलून टाका.

नंतर रेमिंग्टनने दिलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरमध्ये कनेक्टर नाही. मात्र 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेले हे ट्रिगर कंपनीने परत मागवले होते. जुळणीत जास्तीचा चिकट पदार्थ राहिल्याचं कारण दिलं होतं. दुरुस्ती झाली आहे का, ते आधी तपासा. झाली असेल आणि तक्रार फक्त जड खेचीची (ट्रिगर दाबायला लागणाऱ्या जोराची) असेल, तर पैसे घालवण्याआधी खेचीचा स्क्रू फिरवून बघा. सिअरच्या पकडीचा स्क्रू मात्र सीलबंद असतो, त्याला हात लावू नका. पकड कमी केली की खेच मुलायम लागते खरी, पण बोल्ट आपटल्यावर घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी फायरिंग पिन, आपोआप पडू शकतो.

बदलायचंच ठरलं तर टिम्नी की ट्रिगरटेक? शिकारीसाठीचा टिम्नी साधारण दीड ते चार पाउंडात बसवता येतो आणि सहसा तीन पाउंडांवर येतो. त्यात सिअर घासत सरकतो, बनावट साधी आहे. ट्रिगरटेकच्या प्रायमरी या मॉडेलची रेंजही जवळपास तीच, पण ट्रिगर आणि सिअरमध्ये फिरणारा रोलर आहे. त्यामुळे सुटण्याआधीचं सरकणं जाणवत नाही आणि खेच क्लिकने कमी-जास्त होते. नेमबाजीच्या टेबलावर हा फरक कळतो. जंगलात, हातमोज्यात, फारसा नाही. म्हणून बहुतेकांना टिम्नी पुरतो. तुम्ही रायफल लक्ष्यभेदासाठीही वापरणार असाल, तर जास्तीचे पैसे ट्रिगरटेकला द्या. शिकारीसाठी अडीच पाउंडांखाली जाऊ नका. थंडीने बोटं बधिर झाली की हलका ट्रिगर अवेळी सुटतो.

बसवताना रायफल रिकामी करा, चेंबर बोट घालून तपासा, बोल्ट काढा. दोन अ‍ॅक्शन स्क्रू सोडवून नळी आणि अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) दस्त्यातून उचला. ट्रिगर दोन आडव्या पिनांवर असतो, त्या पंचाने हळू ठोकून काढा. मागच्या पिनेवरच बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे निघून येऊ न देणारा अडसर) आणि त्याची इवलीशी स्प्रिंगही असते. ती उडून हरवते, म्हणून काम ट्रेमध्ये करा. परत लावताना ही स्प्रिंग उलटी बसली, तर बोल्ट मागे खेचल्यावर हातातच येतो.

नव्या ट्रिगरची सेफ्टी किंवा बॉडी लाकडी दस्त्याला घासत असेल, तर तिथलं लाकूड थोडं कानसा. स्क्रू आवळताना दस्त्यात अ‍ॅल्युमिनियम बेडिंग ब्लॉक (अ‍ॅक्शनला टेकू देणारा धातूचा ठोकळा) असेल तर 65 इंच-पाउंड, साध्या लाकडाला किंवा प्लास्टिकला 40 ते 45 पुरे. लाकूड दबलं की नेम हलतो.

गोळी न घालता चाचणी करा. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा, घोडा पडता कामा नये. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. काहीही सुटता कामा नये. दस्त्याची टाच रबरी मॅटवर आपटा. एकदा जरी पडला, तरी खेच वाढवा आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करा. तरीही पडला तर रायफल बंदूक-मिस्त्रीकडे न्या. आत तेल मारायचं नाही, धूळ साचली तर लायटरच्या इंधनाने धुवायचं.