आईची फाइल आणि ‘वीस लाखांचा माणूस’

पैसे गेले त्याचं आता फारसं वाटत नाही. भरपाई मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाने आमचे एकोणीस महिने खाल्ले, ते जास्त महागात पडलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते नीट झालं, सर्जनबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढचे बारा दिवस तिला कुणी कुशीवर वळवलंच नाही. अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, हे मला माहीत नव्हतं. सिस्टरना माहीत असायला हवं होतं. आम्ही हात लावला की ‘हलवू नका, टाके उसवतील’ म्हणायच्या. घरी येऊन पट्टी सोडली तर माकडहाडापाशी वाटीएवढी जखम, काळी पडलेली. दोन लाख ऐंशी हजारांचं बिल भरून आम्ही बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, घरी आणला होता.

एप्रिलमध्ये ड्रेसिंगच्या रांगेत तो भेटला. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. वकील आहे असं तो एकदाही म्हणाला नाही, ‘मोठ्या वकीलसाहेबांचं काम मीच बघतो’ एवढंच. ‘दादा, वीस लाखांच्या खाली सोडायचं नाही. जिंकलो तर तीस टक्के, हरलो तर एक रुपया नको.’

इथेच मी गळाला लागलो. निकालाच्या रकमेत टक्का ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे कळायला दीड वर्ष गेलं. आणि ‘एक रुपया नको’ म्हणणाऱ्याने तज्ज्ञांच्या अहवालाचे पंधरा हजार, कोर्ट फीचे बावीस हजार आणि पोलिसांच्या चहापाण्याचे पाच हजार नेले. सगळे रोख, पावती नाही. सोबत आईची मूळ फाइलही. झेरॉक्स काढायचंसुद्धा मला सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

मग तारखा सुरू झाल्या. ‘साहेब मुंबईला आहेत’, ‘सुट्टी लागली’, ‘आधी डॉक्टरवर गुन्हा नोंदवू, मग पळत येतो बघा’. नोव्हेंबर २०२४ मध्ये फोन बंद झाला.

शेजारच्या ताईंनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलं. बाई असल्यामुळे आईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळाला. त्या मॅडमनी पहिला प्रश्न तारखेचा विचारला. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. आमच्याकडे जेमतेम तीन महिने उरले होते. आणि फी? पाच लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोगात शून्य. बावीस हजार कुठल्या कोर्टाचे होते, देव जाणे.

डॉक्टरवर गुन्ह्याचंही त्यांनी समजावलं. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या निकालानुसार त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. वैद्यकीय परिषदेकडे गेलो तर डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, पण भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी रस्ता ग्राहक आयोगाचाच, १९९५ पासून पैसे घेऊन केलेले उपचार त्यात येतात.

कागदांचं मात्र सोपं निघालं. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. ७२ तासांत प्रती देणं बंधनकारक आहे. दाखल झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपावे लागतात, म्हणून वाचलो.

तिसऱ्या दिवशी संच हातात आला. नर्सिंगच्या तक्त्यावर बाराही दिवस दर दोन तासांनी ‘कूस बदलली’, एकाच अक्षरात, एकाच शाईत. आईला डिस्चार्ज सकाळी अकराला मिळाला होता. त्या दिवशीच्या नोंदी मात्र दुपारी दोन, चार आणि सहालाही आहेत. मॅडमनी त्या तीन ओळींवर पेन्सिलीने खूण केली आणि जानेवारीत तक्रार दाखल केली.