टीम लीड झालात, आता माणसं सांभाळायला कुठे शिकणार? एमबीए, कंपनीचं ट्रेनिंग की रोजचं काम

आठ-दहा वर्षं कोड लिहून हात बसतो आणि एका अप्रेझलमध्ये टीम लीडची पाटी मिळते. मग सहा-सात जणांच्या रजा, रुसवे, हाइकच्या म्हणजे पगारवाढीच्या तक्रारी असं सगळं गळ्यात पडतं. शिकायच्या वाटा ढोबळमानाने तीन.

‘चांगल्या इंजिनिअरांना मॅनेजर लागतोच कशाला?’ असं अजूनही वाटत असेल, तर गूगलने 2002 मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजर काढूनच पाहिले होते. खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागलं आणि काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला. पुढे त्याच कंपनीने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अभ्यासात चांगल्या मॅनेजरचे आठ गुण काढले. पहिला, माणसाला शिकवून घडवणं. तांत्रिक ज्ञान आठवं. शेवटचं का होईना, पण यादीत आहे, हेही विसरू नका. कोड वाचणं सोडलेल्या लीडचं टीम फार दिवस ऐकत नाही.

नोकरी सांभाळून एमबीए करायचं तर इग्नू किंवा नाशिकचं मुक्त विद्यापीठ खिशाला परवडतं. आयआयएमचे एक्झिक्युटिव्ह कोर्स लाखांच्या घरात जातात. दोन वर्षांत फायनान्स, मार्केटिंग, थोडा कायदा कळतो. उद्या बजेट आणि क्लायंटचे करार हाताळायचे असतील, तर जरूर करा. पण राजीनामा टाकून समोर बसलेल्या पोराशी काय बोलायचं, हे त्यातल्या एखाद-दुसऱ्या पेपरातून येत नाही.

कंपनीचं दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग फुकट असतं, म्हणून चुकवू नका. अप्रेझलची पद्धत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, एचआरकडे कधी जायचं, हे तिथेच नीट कळतं. बाकीचं महिन्याभरात विसरायला होतं. जाताना टीममधली एखादी खरी अडचण, नावं न घेता, सोबत न्यावी. निदान जेवणापलीकडे काहीतरी पदरात पडेल.

माझं मत तिसऱ्या वाटेला, म्हणजे रोजच्या कामातून शिकण्याला. सुरुवात वन-ऑन-वनपासून, म्हणजे टीममधल्या एकेकाशी होणाऱ्या दोघांच्याच मीटिंगपासून करा. चिप बनवणाऱ्या इंटेलचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह म्हणत, ही मीटिंग हाताखालच्या माणसाची, विषय त्यानेच आणायचे. आपल्याकडे मात्र तिचं दुसरं स्टँडअप, म्हणजे कामाचा रोजचा आढावा, होतं: तिकीट (नेमून दिलेलं काम) कुठवर आलं, रिलीज कधी. ते सगळं टीमच्या कामांच्या बोर्डावर दिसतंच की! त्याऐवजी ‘कुठे अडकलायस? कोणतं काम नको झालंय?’ असं विचारा आणि गप्प बसा. इंजिनिअर माणूस उत्तराला वेळ घेतो. ती शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच होते.

दुसरी शाळा कोड रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणं. ‘हे चूक आहे’ असं सगळ्यांदेखत लिहिण्याऐवजी ‘इनपुट रिकामा आला तर काय होईल?’ असं विचारलं, की समोरचा स्वतःच दुरुस्त करतो. आणि रात्री बसून त्याचा बग आपणच सोडवून टाकायचा मोह आवरा. क्लायंट खूश होईल, पण पुढच्या वेळीही तो बग तुमच्याच दारात येईल.

या वाटेचा धोका एकच, पण मोठा: तुम्ही तुमच्या साहेबाकडे पाहूनच शिकता. साहेब एस्कलेशन (वरपर्यंत गेलेली तक्रार) आलं की ओरडणारा असेल, तर वर्षभरात तुम्हीही ओरडायला लागाल. म्हणून दुसऱ्या प्रोजेक्टमधला, तुमच्या रेटिंगशी संबंध नसलेला एखादा सीनियर गाठा आणि महिन्याला त्याच्यासोबत एक चहा ठरवून टाका. असा माणूस कंपनीत नसेल, तर बाहेरचा कोर्स आधी करा, भले त्यासाठी पैसे मोजावे लागोत.

पद अजून स्वीकारलं नसेल, तर आधी एखादा इंटर्न किंवा फ्रेशर सहा महिने हाताखाली मागून घ्या. त्याचा कोड सुधारताना मजा आली, पण त्याच्याशी बोलायचा कंटाळा आला, तर सॉफ्टवेअर आर्किटेक्टची, म्हणजे सिस्टिमची रचना ठरवण्याच्या तांत्रिक कामाची वाट तुमच्यासाठी बरी. पद घेणारच असाल, तर वर्षभराने तांत्रिक कामावर परतायची मुभा आहे का, हे होकार देण्यापूर्वीच विचारा आणि मेलवर लिहून घ्या.