सॉलिडस की फॉलिस?

भाच्याला बायझँटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी जमवायचीत आणि तो सोन्याच्या सॉलिडसवर अडून बसलाय. मी म्हटलं, आधी तांब्याचा फॉलिस हातात घे.

सॉलिडस साधारण साडेचार ग्रॅमचा, म्हणजे सोन्याच्या भावाखाली येणं कठीण. तेवढ्या पैशात साधे फॉलिस मूठभर. टिकायला सोनं भारी, गंजत नाही. फक्त कडेला डाक लावल्याची खूण बघायची, कधीकाळी दागिन्यात अडकवलेलं असतं. फॉलिसवर मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली की समजावं, ओलीने नाणं खायला घेतलंय. पण वाचायची मजा त्यातच: मोठा 'एम' म्हणजे 40 नुम्मी (तेव्हाचं सगळ्यात लहान नाणं), आणि सम्राट जस्टिनियनच्या 538-39 पासूनच्या नाण्यांवर राज्यवर्षसुद्धा, म्हणजे त्याच्या राजवटीचं कितवं वर्ष ते. बनावट दोन्हींत असते. सोन्यात ती जास्त झोंबते.

एकच देखणं नाणं हवं असेल तर सॉलिडस. भिंग घेऊन राजे, टांकसाळी लावत बसायची हौस असेल तर फॉलिस.