जुन्या यंत्रांचं नेटवर्क: जाड कोॲक्स, बारीक कोॲक्स की ट्विस्टेड पेअर?

ऐंशीच्या दशकातलं एखादं वर्कस्टेशन, एक मिनीकॉम्प्युटर आणि दोन-चार डॉसचे पीसी एकाच इथरनेटवर आणायचे असतील, तर वाटा तीन: जाड कोॲक्सची (मधोमध तार, भोवती जाळीचं आवरण असलेली केबल) १०बेस५, बारीक कोॲक्सची १०बेस२ आणि ट्विस्टेड पेअरची १०बेस-टी. तिन्हींचा वेग सेकंदाला १० मेगाबिटच, म्हणून वेगाचा विचार सोडून द्या. कनेक्टर बसला तरी यंत्रं जुळली असं होत नाही, ही या काळातल्या सामानाची खोड आहे. तेव्हा बिघाड कुठे लवकर सापडतो, ते पाहून ठरवावं.

जाड केबल कागदावर सर्वांत दमदार. एक सेगमेंट (केबलचा सलग तुकडा) ५०० मीटरचा, त्यावर १०० जोडण्या, आणि ट्रान्सीव्हर (केबलवर सिग्नल पाठवणारा आणि घेणारा डबा) कुठे बसवायचा ते सांगणारी खूण दर २.५ मीटरवर. तिथून एयूआय केबल (ट्रान्सीव्हर आणि यंत्र यांच्यातला दुवा) यंत्रापर्यंत येते. गोची या १५ पिनांच्या एयूआयमध्येच आहे. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांच्या इथरनेटची पहिली आवृत्ती १९८० ची, दुसरी १९८२ ची, आणि पाठोपाठ आयईईई या संस्थेचं ८०२.३ हे मानक आलं. तिन्हींचा कनेक्टर सारखाच दिसतो, वागणं मात्र वेगळं. पहिल्या आवृत्तीत लाइन रिकामी असतानाही तारांच्या जोडीत व्होल्टेजचा फरक राहतो, ८०२.३ मध्ये तो शून्यावर येतो.

त्याहून त्रासदायक प्रकरण हार्टबीटचं. दुसऱ्या आवृत्तीपासून ट्रान्सीव्हर प्रत्येक फ्रेम (डेटाचं एक पाकीट) पाठवून झाली की कोलिजनच्या (दोन यंत्रं एकाच वेळी बोलल्यानं होणाऱ्या टकरीच्या) सूचनेसाठी असलेल्या तारांच्या जोडीवर एक छोटा सिग्नल देतो, म्हणजे ‘कोलिजन ओळखणारं सर्किट जिवंत आहे’ अशी खात्री. पहिल्या आवृत्तीच्या कार्डाला हे ठाऊकच नाही. ते त्याला खरं कोलिजन समजतं. उलट, नव्या कार्डाला जुना ट्रान्सीव्हर जोडला तर हार्टबीट न आल्याची तक्रार ते करत राहतं. आणि रिपीटरला (दोन सेगमेंट जोडून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या उपकरणाला) लावलेल्या ट्रान्सीव्हरवर हार्टबीट चालू राहिला, तर रिपीटर दर फ्रेमनंतर कोलिजन झालं असं समजून सगळीकडे कोलिजन कळवणारा जॅम सिग्नल सोडतो. नेटवर्क बंद पडत नाही, नुसतं रखडतं. असा दोष शोधायला सर्वांत वाईट, कारण सगळं ‘चालू’ असतं.

बारीक केबल स्वस्त आणि वळवायला सोपी. १८५ मीटर, ३० जोडण्या, दोन जोडण्यांत किमान अर्धा मीटर. इथला सापळा बीएनसी, म्हणजे फिरवून बसवायचा गोल कनेक्टर. इथरनेटला ५० ओहमची आरजी-५८ लागते; पण टीव्हीची ७५ ओहमची आरजी-५९ आणि आर्कनेट या दुसऱ्या जुन्या नेटवर्कची ९३ ओहमची आरजी-६२ यांनाही बीएनसीच असतो, आणि जुन्या सामानाच्या ढिगात तिन्ही एकत्र सापडतात. दोन्ही टोकांना टर्मिनेटर (सिग्नल परत उलटू न देणारा ५० ओहमचा रोधक) लावून, यंत्रं बंद ठेवून मल्टिमीटर लावला की साधारण २५ ओहम दिसायला हवेत. मात्र ही चाचणी टर्मिनेटर तपासते, केबलचा इम्पिडन्स, म्हणजे वरचा ५०, ७५ किंवा ९३ ओहमचा आकडा, नाही. त्यासाठी केबलवरचा छापच वाचावा लागतो. टी-कनेक्टर थेट कार्डावर हवा. मध्ये केबलचा तुकडा घातला की सिग्नलचं परावर्तन सुरू. आणि सगळी यंत्रं एकाच केबलवर असल्यानं एक जण टेबल सरकवतो, केबल सुटते, सगळ्यांचं नेटवर्क जातं.

१०बेस-टी चं मानक १९९० चं. केबल १०० मीटरपर्यंत, एका केबलवर एकच यंत्र, सगळ्या केबल मधल्या हबला येऊन मिळतात, प्रत्येक पोर्टला दिवा. इथेही मानकाआधीची उपकरणं आहेत: सिनॉप्टिक्सचं लॅटिसनेट त्यातलं प्रसिद्ध. अशा हबकडून लिंक पल्स (लाइन जिवंत असल्याची ठरावीक खूण) येत नाही, मग नवं कार्ड लाइन मेली आहे असं धरून बसतं. कार्डावरची ही लिंक टेस्ट बंद करणारा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तरच सुटका. टेलिफोनची चपटी, पीळ नसलेली वायर वापरू नका. दिवा लागतो, फ्रेम मरतात. आजच्या स्विचला जोडताना पोर्ट १० मेगाबिट देतो का ते आधी पाहा, कारण २.५ किंवा १० गिगाबिटचे बरेच पोर्ट देत नाहीत. पोर्टवर जबरदस्तीने फुल डुप्लेक्सही (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) लावू नका. जुनं कार्ड हाफ डुप्लेक्स आहे, म्हणजे एका वेळी एकच करतं, त्याला उशिरा येणाऱ्या कोलिजनचा मारा बसेल.

कोणतीही केबल घेतली तरी फ्रेमचा घोळ चुकत नाही. फ्रेमच्या सुरुवातीच्या पत्त्यांनंतरचे दोन बाइट जुन्या इथरनेटमध्ये प्रोटोकॉलचा प्रकार सांगतात, ८०२.३ मध्ये लांबी. १५०० पर्यंतचा आकडा लांबी, १५३६ पासून पुढे प्रकार, त्यामुळे दोन्ही एका तारेवर नांदतात. नॉव्हेलचं सर्व्हर सॉफ्टवेअर नेटवेअर ३.११ मात्र मूळ सेटिंगमध्ये ‘रॉ’ ८०२.३ ही फ्रेम वापरतं, तर ३.१२ हे ८०२.२ ही. क्लायंटची फ्रेम जुळली नाही तर सगळे दिवे लागूनही सर्व्हर दिसत नाही.

माझा कौल १०बेस-टी ला, आणि एयूआय असलेल्या प्रत्येक यंत्राला छोटा १०बेस-टी ट्रान्सीव्हर. तो घेताना हार्टबीट चालू-बंद करायचं बटण आहे का ते पाहा. नसेल तर दुसरा शोधा. जाड केबल फक्त ती दाखवायचीच असेल तर. ज्या कार्डांना बीएनसीखेरीज काहीच नाही, त्यांच्यासाठी एक बीएनसी पोर्ट असलेला १० मेगाबिटचा जुना हब मिळवा आणि त्याच्यामागे दोन-तीन यंत्रांचा छोटासा बारीक सेगमेंट ठेवा. हबमध्ये टर्मिनेटर आधीच आहे की बाहेरून लावायचा, तेवढं तपासून घ्या.