लीग पास, सकाळचे साडेआठ आणि सॅक्रामेंटो किंग्ज: ठाण्यातून अख्खा सीझन बघायचा तर

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि लीग पास म्हणजे तिच्या मॅचेस नेटवर बघायची वर्गणी. तो पास घ्यावा का, असं ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुणी विचारलं, की आधी उलट विचारावं लागतं: टीम कोणती? टीम ठरली की मॅचच्या वेळा ठरतात, आणि इथे पैशांच्या आधी झोपेचा हिशेब येतो. बोस्टनची टीम धरून बसलेल्या माणसाला हीच सेवा डोकेदुखी वाटेल आणि कॅलिफोर्नियाची टीम धरलेल्याला सोन्यासारखी.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हिवाळी वेळ असते. त्या काळात न्यूयॉर्क-बोस्टनची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. शिकागो-डॅलसची साडेसहाला, डेन्व्हरची साडेसातला, आणि कॅलिफोर्नियाची साडेआठला. ऑक्टोबरात आणि मार्चच्या मध्यानंतर हे सगळं एक तास अलीकडे येतं, म्हणजे न्यूयॉर्क साडेचारला आणि कॅलिफोर्निया साडेसातला. फीनिक्स तेवढं वेगळं. ॲरिझोनात घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे तिथली सातची मॅच वर्षभर आपली सकाळी साडेसातचीच. नोव्हेंबरातला बदल त्रास देत नाही, फार तर तासभर आधी उठून बसाल. मार्चमध्ये मात्र नेहमीच्या साडेआठला टीव्ही लावावा तर हाफटाइम जवळ आलेला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी फोनमधले गजर बदलायची आठवण आत्ताच टाकून ठेवा.

तारखेचंही तसंच. टीमच्या वेळापत्रकावर शुक्रवार लिहिलेला असेल तर आपल्याकडे तो शनिवार. तिकडच्या शुक्रवार-शनिवारच्या मॅचेस आपल्या सुट्टीच्या सकाळी येतात, त्या निवांत बघायच्या. रविवारची मात्र सोमवारी सकाळी येते, नेमकी डबा भरायच्या वेळेला.

आता किंग्ज, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची टीम. आमच्या मते इथल्या नव्या चाहत्यासाठी यांच्याइतकी सोयीची टीम नाही, आणि नात्यानेही ती जवळची. मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. एनबीएच्या भारतात झालेल्या पहिल्या मॅचेस 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाल्या, त्याही किंग्ज आणि इंडियाना पेसर्समध्ये. पहिली ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेत, 132-131 अशी पेसर्सनी नेली. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर 2015 मध्ये खेळला तोही किंग्जकडूनच. टीम म्हणाल तर काळीज घट्ट हवं. 2006-07 पासून 2021-22 पर्यंत सलग 16 सीझन प्लेऑफ, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्या, नाही. 2023 मध्ये पोहोचले, तर पहिल्याच फेरीत सातव्या मॅचला वॉरियर्सच्या स्टेफ करीने 50 पॉइंट टाकून घरी बसवलं. 2024 आणि 2025 ला प्लेऑफच्या आधीच्या पात्रता फेरीत, म्हणजे प्ले-इनमध्येच बाहेर. जिंकणारी टीमच हवी असेल तर दुसरीकडे बघा. सकाळी चहाचा कप हातात घेऊन वर्षभर जीव लावायला मात्र हीच टीम घ्या.

वेळेचं गणित आकड्यांत मांडतो. प्रत्येक टीमच्या 82 मॅचेस, 41 घरी आणि 41 बाहेर. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि किंग्ज पश्चिमेत. 82 पैकी 52 आपल्याच कॉन्फरन्समधल्या टीमशी आणि 30 समोरच्या कॉन्फरन्सशी, म्हणजे पूर्वेकडच्या 15 टीमशी प्रत्येकी दोन. त्यामुळे किंग्ज पूर्वेकडच्या टीमच्या घरी वर्षातून 15 वेळाच जातात. घरच्या 41 मध्ये लेकर्स, क्लिपर्स आणि वॉरियर्सकडच्या प्रत्येकी दोन मिळवा, शिवाय पोर्टलंडची एक-दोन. 48-49 मॅचेस पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतात. काही टीव्हीसाठी अलीकडे ओढल्या जातात, तरी निम्म्याहून जास्त मॅचेस सूर्य उगवल्यावर. न्यूयॉर्कच्या टीमचा चाहता तेवढ्याच मॅचेससाठी साडेचार-साडेपाचला उठत असतो.

वेळापत्रकात साडेआठ लिहिलं असलं तरी चेंडू वर जातो साधारण आठ चाळीसला. 12 मिनिटांचे चार क्वार्टर असले तरी अख्खी मॅच सव्वादोन ते अडीच तास घेते. पावणेदहाच्या आसपास हाफटाइम, पंधरा मिनिटांचा. अकराच्या सुमारास शेवट. ऐरोली-घणसोलीला दहाची शिफ्ट असणाऱ्याने पहिला क्वार्टर घरी बघावा आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीत व्हिडिओच्या नादी लागू नये. गर्दीत हात वर काढता येत नाही, आणि बास्केटबॉलचा कॅमेरा इतका झपझप फिरतो की नेटवर्क जरा पडलं तरी चेंडूच दिसेनासा होतो, फक्त स्कोअरची पट्टी वाचता येते. त्यापेक्षा रेडिओ कॉमेंट्री लावा. 128 केबीपीएसचा आवाज तासाला 60 एमबीसुद्धा खात नाही. एका कानात इअरबड, दुसरा कान स्टेशनच्या घोषणेकडे.

व्हिडिओचा खर्च वेगळा. 5 एमबीपीएसने चांगलं चित्र येतं, पण तासाला सव्वादोन जीबी जातात आणि पूर्ण मॅचला सव्वापाच. रोजच्या 2 जीबीच्या प्लॅनवर हाफटाइमच्या आधीच डेटा संपतो. घरच्या फायबरवरच बघा, आणि जमलं तर टीव्हीला वायफायऐवजी लॅन केबल लावा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकेका मजल्यावर सात-आठ राउटर असतात, सकाळी सगळ्यांच्या मीटिंग सुरू झाल्या की 2.4 गिगाहर्ट्झचा बँड तुंबतो. केबल ओढणं शक्य नसेल तर टीव्ही निदान 5 गिगाहर्ट्झवर जोडा. फोनवरून टीव्हीवर दाखवायचं तर कास्ट करा, स्क्रीन मिररिंग नको. मिररिंगमध्ये फोन आला की मॅच अडते आणि येणारा प्रत्येक मेसेज हॉलमध्ये सगळ्यांना दिसतो.

ॲपमध्ये मॅच उघडताना यजमानांची की पाहुण्यांची कॉमेंट्री, हे निवडता येतं. बरेच जण पहिली दिसेल ती दाबतात. किंग्जच्या घरच्या मॅचला यजमानांचीच घ्या, आणि शेवटचा बझर वाजला म्हणून लगेच बंद करू नका. 2022-23 पासून किंग्ज जिंकले की त्यांच्या गोल्डन 1 सेंटरच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत सरळ आभाळात सोडतात. त्याआधी स्टेडियमभर ‘लाइट द बीम’चा गजर चालू असतो, मग कोर्टवरच्या मोठ्या बटणावर हात पडतो. पाहुण्यांच्या फीडवर तोवर बहुधा त्यांच्या स्टुडिओतली चर्चा सुरू झालेली असते. लीग पासच्या महागड्या योजनेत जाहिरातींच्या जागी स्टेडियमच्या आतलं दृश्य दाखवतात. टाइम-आउटमध्ये प्रेक्षक काय करतात, बेंचवर कोण कुणाशी बोलतंय, हे बघायची आवड असेल तर तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे देण्यात चूक नाही. आवड नसेल तर साधी योजना पुरे.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे मॅच नंतर बघण्याची सोय. पूर्ण मॅच मागून लावता येते, तिची थोड्या मिनिटांत उरकणारी संक्षिप्त आवृत्तीही मिळते. नोकरी करणाऱ्याने पूर्वेकडच्या त्या पंधरा मॅचेस संध्याकाळी बघाव्यात, पहाटे उठू नये. संक्षिप्त आवृत्तीत बास्केट सगळे दिसतात, पण आधी कोणी स्क्रीन लावला (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवली), बचाव कुठे फाटला, कोच कुणाला कधी बसवतो, हे निसटतं. टीम ओळखायची असेल तर आठवड्यातून निदान एक मॅच पूर्ण बघायला हवी.

यातली खरी अडचण म्हणजे स्कोअर फुटणं. ॲपमध्ये स्कोअर लपवण्याची सोय आहे, ती चालू करा. पण नोटिफिकेशन हा वेगळा कारभार आहे, तो फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्र बंद करावा लागतो. रेकॉर्डिंगची खालची पट्टी नेहमीपेक्षा लांब दिसली की ओव्हरटाइम झाला हे न बघताच कळतं, तेव्हा मॅच सुरू झाली की ती पट्टी नाहीशी होईपर्यंत हात लावू नका. प्लेऑफमध्ये तर यादीत सहावी मॅच दिसली की पाचवीत मालिका संपली नाही हे उघडच. तिथे यादी वर-खाली न करता थेट आपली मॅच उघडावी. लाइव्ह बघतानाही स्ट्रीम प्रत्यक्षापेक्षा साधारण अर्धा-एक मिनिट मागे असतो. तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘गेली रे’ टाकून मोकळा होतो. चौथ्या क्वार्टरला ग्रुप म्यूट.

शेवटची दोन मिनिटं घड्याळाच्या दोन मिनिटांत संपत नाहीत. फरक पाच पॉइंटच्या आत असेल तर मागे पडलेली टीम मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवते. समोरचा फ्री थ्रो घेतो, मग टाइम-आउट, मग पंचांचं रिप्ले बघणं. पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायला कोचला एक चॅलेंज असतं, ते यशस्वी झालं तर दुसरं मिळतं. हे सगळं धरून पंधरा मिनिटं सहज जातात, ओव्हरटाइम झाला तर आणखी तितकीच. 24 फेब्रुवारी 2023 ला किंग्ज-क्लिपर्स मॅच दोन ओव्हरटाइमनंतर 176-175 अशी संपली. अशा दिवशी ‘अकराला निघतो’ म्हणून कबूल करून बसलेल्या माणसाची पंचाईत होते, तेव्हा अकराची मीटिंग साडेअकराला ढकलून ठेवलेली बरी.

आणि सकाळी उठल्यावर आधी एनबीएची अधिकृत इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे कोण खेळणार नाही याची यादी, बघायची. लागोपाठ दोन रात्री मॅच असली की दुसऱ्या दिवशी मुख्य खेळाडूला बसवण्याची शक्यता वाढते. कामाच्या दिवशी लाइव्ह कोणती बघायची आणि संध्याकाळी कोणती, हे त्यावरून ठरवता येतं.

पैशांबद्दल एवढंच. एकाच टीमपुरता टीम पास आणि सगळ्या टीमचा लीग पास, असे दोन मुख्य प्रकार असतात. पहिल्या वर्षी टीम पास घ्या. सगळ्यांच्या मॅचेस समोर आल्या की माणूस इकडची दहा मिनिटं, तिकडची दहा मिनिटं बघतो आणि एकाही टीमचा सीझन त्याच्या हाती लागत नाही. किंमत पटते का बघायला दिसणाऱ्या आकड्याला 82 ने भागू नका, 30 ने भागा, कारण नोकरी सांभाळून तेवढ्याच पूर्ण बघून होतात. सीझन सरकत जातो तशी उरलेल्या काळाची किंमत सहसा उतरते, त्यामुळे डगमगत असाल तर फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार सुट्टीपर्यंत थांबलात तरी चालेल.

फायनल जूनमध्ये असते, सकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे ऐन पहिल्या पावसात. वीज गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो पण नेट बंद पडतं, कारण फायबरचा डबा आणि राउटर दोन वेगळ्या प्लगवर असतात आणि इन्व्हर्टरची लाइन एकालाच दिलेली असते. दोघांना पुरेल असा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मे महिन्यातच लावून घ्या. आधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, सगळी उपकरणं 12 व्होल्टची नसतात.

वार्षिक वर्गणी आपोआप पुढे चालू राहते आणि ॲप काढून टाकलं म्हणून ती बंद होत नाही. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथूनच, वेबसाइटवरून घेतली असेल तर वेबसाइटवरच रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 रुपयांपर्यंतचा असा हप्ता ओटीपीशिवाय कापला जाऊ शकतो, पण निदान 24 तास आधी सूचना यावी लागते. ती सूचना नव्या सीझनच्या आधी येते, जेव्हा बास्केटबॉल कुणाच्या डोक्यात नसतो, आणि जाहिरातींच्या ढिगात दडून जाते. सप्टेंबरपासून बँकेचे मेसेज वाचत राहा.